रिटर्नचे सॉफ्टवेअर निवडताना

तीन मिनिटांत रिटर्न भरून देणाऱ्यांच्या जाहिराती जूनपासून मोबाइलवर येऊ लागतात. पगार, एक घर आणि बँकेचे व्याज एवढेच उत्पन्न असेल तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. गंमत अशी की, नेमक्या अशाच माणसाला विकतच्या सॉफ्टवेअरची गरज सर्वांत कमी असते. ज्याला ते खरोखर लागते, त्याचे काम तीन मिनिटांत उरकत नाही.

पहिला प्रश्न फॉर्मचा

सॉफ्टवेअर चांगले की वाईट हे नंतर पाहू. आधी आपला फॉर्म कोणता, ते ठरवा. आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’, हा ५० लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी पगारदारांचा आणि पेन्शनरांचा. आकारणी वर्ष २०२५-२६ पासून शेअर किंवा इक्विटी फंडांवरचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफाही त्यात दाखवता येतो. मात्र अल्प मुदतीचा एक रुपया नफा झाला, कंपनीचे संचालकपद असले किंवा तुम्ही अनिवासी असलात, की ‘सहज’ बंद. मग आयटीआर-२. धंदा-व्यवसाय असेल तर ३ किंवा ४. दुबईत नोकरी आणि पुण्यातल्या फ्लॅटचे भाडे, अशा माणसानेही आयटीआर-२ च धरावा. बरीच स्वस्त पॅकेजे फक्त ‘सहज’पुरती असतात आणि पुढच्या फॉर्मला वेगळे पैसे मागतात. ही किंमत आधी विचारून घ्यावी. अर्धी माहिती भरून झाल्यावर कळली की माणूस मुकाट्याने पैसे देतो.

फुकटचे सरकारी पोर्टल

सध्याचे ई-फायलिंग पोर्टल ७ जून २०२१ ला सुरू झाले. पहिले काही महिने ते इतके अडखळले की अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या इन्फोसिसला जाहीरपणे सुनावले, आणि त्या वर्षीची रिटर्नची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. ती वाईट आठवण अजून अनेकांच्या मनात आहे. आता मात्र साध्या रिटर्नसाठी ते उत्तम चालते. पगार, टीडीएस, व्याज हे सगळे आधीच भरून येते.

भरून आलेले आकडे बरोबरच असतील असे धरून चालू नका. वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, उघडून त्यातली एफडीची ओळ बघा. दोघांच्या नावावरची ठेव असेल तर व्याज बहुधा पहिल्या नावावर दिसते. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर आणखी जपून. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या परीने ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि खालच्या टप्प्यांचा फायदा दिलेला असतो. दोन्ही फॉर्म सोळा एकत्र आले की वजावट एकदाच मिळते आणि टीडीएस कापूनही कर भरायचा निघतो. हा सॉफ्टवेअरचा घोळ नव्हे. उलट दोन फॉर्म सोळा देऊनही काहीच देणे निघाले नाही, तर संशय घ्यावा.

इंटरनेट भरवशाचे नसेल तर पोर्टलवरूनच ऑफलाइन युटिलिटी उतरवून घेता येते. माहिती निवांत भरायची, जेएसओएन फाइल तयार करायची आणि चढवायची. एक्सेलवाल्या युटिलिटीत मॅक्रो चालू करावे लागतात, एवढे ध्यानात ठेवा.

शेअर विकले असतील तर

विकतच्या सॉफ्टवेअरचे पैसे इथे वसूल होतात. ब्रोकरकडून मिळणारा टॅक्स पी अँड एल अहवाल थेट आत घेऊन योग्य रकान्यांत टाकणे, हे त्याचे खरे काम. निवड करताना दोन तारखांची परीक्षा घ्यावी.

पहिली ३१ जानेवारी २०१८. त्याआधी १०० रुपयांना घेतलेला शेअर समजा तुम्ही ४०० ला विकला आणि त्या दिवशीचा त्याचा बाजारभाव २५० होता. तर खरेदी किंमत २५० धरली जाते, आणि नफा ३०० नव्हे, १५०. हा जुना भाव सॉफ्टवेअर स्वतः ओढून आणते की तुम्हाला शोधायला लावते, ते बघा. वडिलांकडून वारशाने आलेले शेअर असतील तर हे जरूर तपासा, कारण अशा वेळी ब्रोकरच्या अहवालात खरेदी किमतीच्या जागी पुष्कळदा शून्य असते.

दुसरी तारीख २३ जुलै २०२४. त्या दिवशी अल्प मुदतीच्या नफ्यावरचा कर १५ टक्क्यांवरून २० आणि दीर्घ मुदतीचा १० वरून साडेबारा टक्के झाला. त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये अलीकडचे आणि पलीकडचे व्यवहार वेगळे दाखवावे लागले. त्या वर्षाचे अद्ययावत (अपडेटेड) रिटर्न भरायचे असेल तर ही विभागणी जमते का, ते विचारा.

गोव्याचे कलम ५-अ

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता लागू असलेल्या जोडप्यांना आणखी एक कसोटी आहे. आयकर कायद्याच्या कलम ५-अ नुसार पगार ज्याचा त्याचा राहतो; घरभाडे, व्याज, भांडवली नफा, धंद्याचे उत्पन्न मात्र नवराबायकोत निम्मे-निम्मे वाटले जाते. त्यामुळे ‘सहज’ वापरता येत नाही, आयटीआर-२ किंवा ३ मध्ये ५-अ चे परिशिष्ट भरावे लागते आणि टीडीएसचीही वाटणी होते. म्हापशातल्या दुकानाचे भाडे एकट्या नवऱ्याच्या नावावर जमा होत असले, तरी अर्धे बायकोच्या रिटर्नमध्ये. देशभरासाठी बनवलेल्या पॅकेजात हा पर्याय कुठेतरी कोपऱ्यात असतो. तो सापडत नसेल तर दुसरे सॉफ्टवेअर बघावे किंवा सरळ सरकारी युटिलिटी.

सॉफ्टवेअर परस्पर ठरवते तेव्हा

नवी करप्रणाली आता आपोआप लागू होते. पोर्टलवरचा प्रश्न असा, की तुम्हाला नव्या प्रणालीतून बाहेर पडायचे आहे का? ‘हो’ म्हटले की जुनी. घाईत भलभलते उत्तर जाते. खासगी सॉफ्टवेअर बहुधा दोन्हींचा हिशेब शेजारी शेजारी दाखवते. ही सोय खरोखर कामाची. पण कमी कराची प्रणाली ते स्वतःच निवडून पुढे जात असेल, तर जुन्या प्रणालीखाली मांडलेल्या घरभाड्याच्या आणि विम्याच्या पावत्या तुमच्याकडे आहेत का, हे ते विचारत नाही. मुदतीनंतर भरलेल्या रिटर्नला जुनी प्रणाली मिळतही नाही.

सरकारी युटिलिटीही परस्पर निर्णय घेते. ५ जुलै २०२४ नंतर तिने नव्या प्रणालीत खास दराच्या उत्पन्नावर, म्हणजे शेअरच्या नफ्यासारख्या उत्पन्नावर, कलम ८७-अ ची करसवलत देणे बंद केले. जून महिन्यात रिटर्न भरलेल्याला सवलत, तशाच उत्पन्नाच्या जुलैअखेरच्या माणसाला नाही. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने जनहित याचिका केली. २४ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, त्याचा मथितार्थ असा, की सवलत मिळेल की नाही ते नंतर ठरेल. पण ती मागण्याची वाटच युटिलिटीने बंद करता कामा नये. पुढे २०२५ च्या वित्त कायद्याने अशी सवलत मिळणार नाही हे पुढच्या वर्षांसाठी स्पष्ट केले. प्रश्न तेवढ्यापुरता मिटला, पण पडद्यावर रकाना फिकट दिसतो म्हणून आपला हक्कच नाही, असे मानू नये.

पासवर्ड आणि वाढीव रिफंड

आयकर विभागाकडे ई-रिटर्न इंटरमीडिअरी म्हणून नोंदलेल्या संस्थांची यादी पोर्टलवर आहे. त्यांना काम द्यायचे तर तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो. पासवर्ड द्यावा लागत नाही. जो पासवर्ड मागतो आणि ‘प्रोफाइल’मध्ये स्वतःचा ईमेल टाकतो, त्याच्याकडे पुढच्या नोटिसा जातात, तुमच्याकडे नाही.

रिफंडवर टक्केवारी घेणारा तर नकोच. राजकीय देणगी, शैक्षणिक कर्ज, आजारपण अशा खोट्या वजावटी टाकून रिफंड फुगवणाऱ्या दलालांवर विभागाने जुलै २०२५ मध्ये देशभर कारवाई केली. दलाल सापडो न सापडो, व्याज-दंडाची नोटीस पॅन ज्याचे त्याला येते.

भरले म्हणजे झाले नाही

खासगी सॉफ्टवेअरवर ‘पूर्ण’ दिसले तरी पोर्टलवर जाऊन भरलेल्या रिटर्नच्या यादीत ते आले आहे का बघा. जेएसओएन फाइल आणि पोचपावती स्वतःकडे उतरवून ठेवा. पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर बदलले तर पुढे ओढलेला तोटा त्यावरूनच भरावा लागतो. मग आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. त्यासाठी ३० दिवस असतात. ते उलटले तर व्हेरिफाय केलेली तारीखच रिटर्नची तारीख धरली जाते, आणि ती मुदतीपलीकडे गेली तर एकूण उत्पन्न पाच लाखांवर असणाऱ्यांना ५,००० रुपये उशिराचे शुल्क पडते.