बांधावरील झाडांची सुरक्षित तोड आणि सरपणाची साठवण

बाभूळ, निंब, सुबाभूळ, निलगिरी यांसारखी बांधावरील झाडे शेतकऱ्याला अवजारांचे लाकूड, विक्रीयोग्य ओंडके आणि घरचे सरपण देतात. पूर्वी हे काम कुऱ्हाड व दोघांनी ओढावयाच्या करवतीने होत असे. आता गावोगावी साखळी करवत, म्हणजेच चेनसॉ, पोहोचली आहे. दिवसाचे काम ती तासाभरात उरकते. मात्र कुऱ्हाडीने तोडताना झाडाचा कल पाहण्यास जो अवधी मिळत असे, तो आता मिळत नाही. म्हणूनच यंत्र सुरू करण्यापूर्वीचे नियोजन आणि कापाची योग्य पद्धत यांना विशेष महत्त्व आहे.

तोडीपूर्वीची तयारी

प्रथम कायदेशीर बाब तपासावी. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम लागू असून साग, चंदन, खैर यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण अधिनियम आहे. अन्य राज्यांतील शेतकऱ्यांनी तेथील वन विभागाकडे तोड व वाहतूक या दोन्हींच्या नियमांची चौकशी करावी.

त्यानंतर झाडाभोवती फिरून त्याचा कल, फांद्यांचा भार, वाळलेल्या व अडकलेल्या फांद्या, खोडातील पोकळी आणि वाऱ्याची दिशा पाहावी. आग्यामोहोळ असल्यास यंत्राच्या आवाजाने व हादऱ्याने माश्या उठतात, त्यामुळे ते काम पुढे ढकलावे. वीजवाहिनीजवळील झाड वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याशिवाय तोडू नये. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात माणूस किंवा जनावर नसावे. झाड ज्या दिशेला पाडावयाचे, तिच्या विरुद्ध बाजूस तिरपी, साधारण ४५ अंशांत मागे जाणारी वाट झुडपे काढून मोकळी करावी. झाड पडू लागताच याच वाटेने दूर व्हावे. खोडाच्या थेट मागे उभे राहू नये, कारण पडताना बुंधा मागे उसळू शकतो.

यंत्र आणि पोशाख

साखळीला धार असेल तर कापातून जाडसर ढलप्या पडतात. बारीक भुसा पडू लागला की गोल कानशीने धार लावावी. बोथट साखळी दाबून चालवावी लागते आणि तेथूनच धोका वाढतो. इंजिन बंद करून, हातमोजे घालून साखळी ओढून पाहावी. ती पात्याच्या खालच्या कडेला लागून असावी, तरीही हाताने सहज सरकावी. प्रत्येक वेळी इंधन भरताना साखळीचे तेलही भरावे. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण निर्मात्याच्या सूचनेनुसार ठेवावे. ५० : १ प्रमाणासाठी एक लिटर पेट्रोलला २० मि.लि. तेल लागते.

यंत्र जमिनीवर टेकवून, साखळीचा ब्रेक लावूनच सुरू करावे. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत क्षणार्धात चालकाच्या तोंडाकडे उसळते. हात आवरण्याइतका वेळ मिळत नाही. म्हणून टोकाने कापू नये, यंत्र दोन्ही हातांनी धरावे, डाव्या हाताचा अंगठा दांड्याखालून वळवलेला असावा आणि खांद्याच्या वर किंवा शिडीवर उभे राहून कधीही कापू नये. या यंत्राचा आवाज १०० डेसिबलपेक्षा अधिक असतो. हेल्मेट, जाळीचा चेहरारक्षक, कानरक्षक, मजबूत बूट व पायांचे संरक्षक आवरण वापरावे. धोतर, उपरणे, मफलर किंवा सैल पदर साखळीत गुंतू शकतो.

बिजागरीचा नियम

झाड आरपार कापू नये. ज्या दिशेला पाडावयाचे त्या बाजूस खोडाच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खोल खाच घ्यावी. खाचेचे तिरपे व आडवे काप एका रेषेत मिळावेत. त्यानंतर मागील बाजूने, खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन सें.मी. वर, आडवा काप घ्यावा आणि व्यासाच्या दहाव्या भागाइतकी लाकडाची पट्टी न कापता सोडावी. ३० सें.मी. व्यासाच्या खोडासाठी खाच सुमारे ६ ते ७ सें.मी. आणि पट्टी ३ सें.मी. होते. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी काम करते: झाड सावकाश झुकते आणि ठरलेल्या दिशेला पडते. पट्टी कापली गेली तर झाड कोणत्याही बाजूस वळू शकते. मागील कापात प्लास्टिकची किंवा लाकडी पाचर ठोकावी. लोखंडी पाचर साखळीला लागल्यास दाते तुटतात. फार कललेले, पोकळ किंवा दुसऱ्या झाडात अडकलेले झाड प्रशिक्षित व्यक्तीकडेच सोपवावे. कललेल्या झाडाचे खोड मागील काप पूर्ण होण्याआधीच उभे चिरून वर उसळण्याची शक्यता असते.

सरपण फोडणे व वाळवणे

बहुतेक लाकूड ओले असतानाच सहज फुटते आणि फोडल्यावर लवकर वाळते, कारण साल ओलावा अडवून धरते. चुलीसाठी ३० ते ४० सें.मी. लांबीचे तुकडे करावेत. तुकडा गुडघ्याखालील उंचीच्या ठोकळ्यावर, आपल्यापासून दूरच्या कडेला उभा ठेवावा. घाव चुकला तरी कुऱ्हाड पायाऐवजी ठोकळ्यावर बसते. टोकावरील नैसर्गिक चिरेच्या रेषेत घाव घालावा, गाठ टाळावी. मोठा ओंडका मध्यातून न फोडता कडेने फळ्या काढत जावे. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारू नये आणि तुकडा दुसऱ्याने हाताने धरू नये.

ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. अशा एक किलो लाकडातून सुमारे ८ मेगाज्यूल उपयुक्त उष्णता मिळते. ओलावा २० टक्क्यांवर आणलेल्या एक किलो लाकडातून ती सुमारे १४ मेगाज्यूल मिळते. ओल्या लाकडाची काही उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि स्वयंपाकघरात धूर कोंडतो. त्यासाठी पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात तोड करावी, लाकूड उन्हाळाभर वाळवावे आणि जूनपूर्वी आडोशाला न्यावे. रास जमिनीपासून उचलून, वारा खेळेल अशी रचावी व केवळ वरून झाकावी. त्यामुळे वाळवीलाही अटकाव होतो. टोकांना चिरा पडणे, साल सुटणे आणि दोन तुकडे आपटल्यास खणखणीत आवाज येणे या वाळल्याच्या खुणा होत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रात्यक्षिकात झाड पडल्यावर खुंटाभोवती सर्वांना बोलवावे आणि खाचेची खोली व शिल्लक पट्टीची रुंदी मोजून दाखवावी. पट्टी एका बाजूला अरुंद किंवा पूर्ण कापलेली आढळली, तर झाड योग्य दिशेला पडले असले तरी ते काम सुरक्षित मानू नये. भाड्याने करवत चालवणाऱ्याला काम देण्यापूर्वीही त्याने तोडलेल्या झाडांचे दोन-चार खुंट पाहून घ्यावेत.