फोटोवरून नाण्याची स्थिती ठरवताना: दिसलं काय आणि आपण मानलं काय?

समजा, तुमचा संशोधनाचा विषय निजामकालीन चलन आहे. जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत हाली सिक्क्याचा चारमिनार छापाचा चांदीचा रुपया सापडू शकतो. एका घरातून तुम्हाला व्हॉट्सअॅपवर दोन रुपयांचे फोटो आले. एक चकचकीत, दुसरा काळवंडलेला. चांगल्या स्थितीत कोणता?

नवखा माणूस चकचकीत निवडतो. पण काळेपणा म्हणजे झीज नव्हे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर थर चढतो, त्याखाली छाप शाबूत असू शकतो. उलट चकाकी रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासून आलेली असेल, तर टाकसाळीतून आलेला मूळ पृष्ठभाग गेला. तो परत येत नाही. आणि तुम्ही ‘चकचकीत चांगला’ असं कळवलंत, तर ते घर उरलेली नाणीही घासून काढेल! म्हणून उत्तर देण्याआधी तीन गोष्टी बघा.

१. झीज की कमजोर ठसा?
या रुपयावर चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असतं: महबूब अली खानच्या नाण्यांवर ‘मीम’, उस्मान अली खानच्या नाण्यांवर ‘ऐन’. ते पुसट दिसलं की लगेच ‘झिजलेलं’ लिहू नका. टाकसाळीत ठोका कमी बसला किंवा साचाच जुना झालेला असला, तरी अक्षर पुसट उमटतं. झिजेत उंच भाग सपाट होतात आणि आजूबाजूच्या भागापेक्षा मंद दिसतात. ठोकाच कमी असेल तर अक्षर अस्पष्ट असतं, पण मूळ झळाळी त्याच्यावरूनही सलग जाते.

२. प्रकाश कुठून आलाय?
समोरून सपाट प्रकाश पडला की बारीक चरे गायब होतात. बाजूने तिरका पडला की तेच चरे भयंकर दिसतात. एका फोटोवर विसंबू नका. नाणं थोडं थोडं फिरवून चार-पाच फोटो मागवा, शक्यतो काचेतून किंवा प्लास्टिकमधून नकोत. व्हॉट्सअॅप फोटो लहान करतं, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

३. कड दिसतेय का?
दागिन्यात ओवण्यासाठी रुपयाला कडी जोडायची पद्धत होती. कडी काढली तरी डाग राहतो, कधी तो घासून लपवलेला असतो. त्यामुळे कडेचा वेगळा फोटो हवाच. वजन मात्र कुठल्याच फोटोत येत नाही. या रुपयाचं प्रमाण वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, सराफाकडे तोलून आकडा मागवा.

आता नोंद कशी करायची? तक्त्यात तीन रकाने ठेवा: काय दिसलं, त्यावरून काय मानलं, खात्री किती. ‘उजव्या कडेला समांतर चरे’ हे निरीक्षण. ‘घासलेलं नाणं’ हा निष्कर्ष. दोन्ही एकाच रकान्यात गेले, तर दुसऱ्याला तुमचं काम तपासता येत नाही. विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० ची श्रेणी आजही वापरतात, पण फोटोवरून ‘६३’ असा एकच आकडा देणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. पट्टा द्या, उदाहरणार्थ ‘५५ ते ६२’.

मग तेच फोटो दुसऱ्या जाणकाराला द्या, तुमचे आकडे न दाखवता. तुम्हीही महिन्याभराने क्रम बदलून पुन्हा श्रेणी द्या. श्रेण्या क्रमवार असल्यामुळे नुसती ‘इतके टक्के जुळलं’ ही मोजणी पुरत नाही. एका पायरीचा फरक आणि चार पायऱ्यांचा फरक सारखा नसतो. त्यासाठी भारित कॅपा वापरतात. शेवटी, शक्य तितकी नाणी प्रत्यक्ष हातात घेऊन फोटोवरच्या श्रेणीशी ताडून बघा. मार्गदर्शक विचारणार तो प्रश्न हाच असेल: तुमचे फोटोवरचे अंदाज किती वेळा चुकले, आणि कुठल्या दिशेने?