‘रात्री मोबाईल बंद ठेवा’ असा मेसेज आलाय? मग कॉस्मिक किरणांचं खरं काय ते वाचा

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल बंद करा, उशाशी ठेवू नका.’ हा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. मेसेज खोटा आहे, पण किरणं खरी आहेत. फक्त ती साडेबाराची वाट बघत नाहीत. दिवसरात्र, बारा महिने पडतच असतात. तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक कण आत्ताही आरपार जातोय.

हे किरण म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे अतिसूक्ष्म कण. बहुतेक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. थोडे लोखंडासारख्या जड अणूंचे गाभे. असा जोरदार कण वरच्या हवेत आदळला की फुटतो, त्यातून नवे कण, त्यांतून आणखी. जमिनीपर्यंत पावसासारखी कणांची सरच येते.

मग वरच फुटलेल्या त्या कणाची ताकद कशी कळणार?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘ग्रेप्स-३’ प्रयोग तामिळनाडूत उटीला, सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. तिथे सहा एकरांहून थोड्या जास्त जागेत सुमारे ४०० यंत्रं आठ-आठ मीटरवर मांडली आहेत. प्रत्येकात खास प्लॅस्टिकची एक चौरस मीटरची लादी. कण त्यातून गेला की बारीक प्रकाश चमकतो, त्यावरून मोजणी होते.

मंडळातला पाऊस आपण शेताशेतात मोजत नाही, पर्जन्यमापकावरून अंदाज धरतो. तसंच इथे. यंत्रांतल्या आकड्यांवरून पूर्ण सरीत किती कण होते ते काढतात. जितके कण जास्त, तितकी मूळ कणाची ऊर्जा जास्त. कोणत्या यंत्रात कण आधी पोचले, यावरून सरीची दिशा कळते.

आता तो प्रोटॉन होता की लोखंड? तेवढ्याच ऊर्जेचा लोखंडाचा गाभा हवेत जास्त उंचावर फुटतो आणि ‘म्यूऑन’ नावाचे कण जास्त देतो. म्यूऑन मोजायला उटीत ५६० चौरस मीटरची वेगळी यंत्रणा आहे, तिच्यावर दोन मीटर काँक्रीट. बाकीचे कण तिथेच अडतात, म्यूऑन पार होतात. एकाच सरीवरून खात्री देता येत नाही, म्हणून लाखो सरी संगणकातल्या हिशेबाशी ताडून बघतात.

यातून हाती काय आलं? ऊर्जा वाढेल तसे प्रोटॉन कमी होत जातात. ही घट एकसारखी असते, असा समज होता. २०२४ मध्ये ग्रेप्स-३ ने दाखवलं की सुमारे १६६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टनंतर घट मंदावते. ही ऊर्जा युरोपातल्या सर्नच्या सर्वांत मोठ्या यंत्रातल्या प्रोटॉनच्या वीसपटींहून जास्त आहे. त्यामुळे हे कण येतात कुठून, याचा विचार शास्त्रज्ञांना नव्याने करावा लागतोय.

तर पुढच्या वेळी तो मेसेज आला की फॉरवर्ड करू नका. कोणी घाबरलं असेल तर एवढंच सांगा: ही सर आपल्या पणजोबांच्याही आधीपासून पडतेय, आणि वरची हवा आपलं छप्पर आहे.