कावेरीकाठचं मुकं दुःख

तंजावर म्हटलं की आपल्याला आठवतात भोसले राजे, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराचं उत्तुंग शिखर. पण शहर मागे पडलं की सुरू होतात भाताची खाचरं. तमिळनाडूच्या या धान्याच्या कोठारातूनच २०१६-१७च्या हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या मृत्यूच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्या.

मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटतं. त्यावर ‘कुरुवै’ हे कमी दिवसांचं भाताचं पीक निघतं. त्या वर्षी पाणी सुटलं २० सप्टेंबरला. कुरुवै हुकलं. मग सारी भिस्त ‘सांबा’ पिकावर, तर ईशान्य मोसमी पाऊसही सरासरीपेक्षा ६२ टक्के कमी झाला. १० जानेवारी २०१७ला सरकारने सारं राज्य दुष्काळग्रस्त जाहीर केलं.

पण दुष्काळ तर सगळ्यांवरच आला होता. मग एखादंच घर का खचतं?

आत्महत्येला एकच एक कारण कधी नसतं. इथली बरीच जमीन देवस्थानांची आणि मठांची, कसणारा कूळ. नावावर सातबारा नाही, म्हणून बँक उभी करत नाही आणि सावकार दारात उभा राहतो. भूमिहीन मजुराचं पीक बुडत नाही, त्याची मजुरी बुडते. ती कुठल्या पंचनाम्यात येणार? बाईचे हात दिवसभर चिखलात, तरी कागदावर ती शेतकरी नाहीच! त्यात दारू, चारचौघांतला अपमान, आणि नैराश्य, ज्याला घरात कुणी आजार समजतच नाही. पूर्वी एकदा जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न झालेला असेल, तर धोका आणखी वाढतो.

जमिनीशी नाळ असलेल्या समाजांची ही दुखरी नस जगभर दिसते. ब्राझीलमधले ग्वारानी-काइओवा आदिवासी जमिनीवरून हुसकले गेले आणि त्यांच्या तरुणांत आत्महत्या वाढल्या. कॅनडात चँडलर आणि लालोंद या अभ्यासकांनी १९९८मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या मूळ रहिवाशांचा अभ्यास मांडला. शाळा, दवाखाना, जमिनीचा हक्क ज्यांच्या स्वतःच्या हाती होता, त्या वस्त्यांत तरुणांच्या आत्महत्या फारच कमी होत्या. म्हणजे दोष रक्तात नव्हता.

आता घरातल्या एका वस्तूबद्दल. आपण कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. गंमत म्हणजे तमिळ शेतकरीही ‘मरुंदु’, म्हणजे औषधच म्हणतो. आणि औषधासारखंच ते घरात, हाताशी ठेवतो. अनेकदा मरणाचा विचार काही मिनिटांचा झटका असतो. तेवढा वेळ निभावला, की माणूस वाचतो. श्रीलंकेत १९९५मध्ये आत्महत्येचं प्रमाण लाखामागे ४७ होतं. सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आल्यावर दहा वर्षांत ते निम्म्यावर आलं. कर्जं फिटली नव्हती, दुःखंही संपली नव्हती!

तंजावरच्या शेजारच्या कडलूर जिल्ह्यात, काट्टुमन्नारकोईल भागात, चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून साधा उपाय करून पाहिला. गावाचं एक सामाईक कोठार, प्रत्येक कुटुंबाला कुलपाचा कप्पा. फवारणीपुरतं न्यायचं, उरलेलं परत ठेवायचं. लोकांनी तो आपलासा केला. २०१३मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या गावात सोसायटीचं गोदाम असतं. महिला मंडळानं आग्रह धरला तर हे अवघड आहे का?

विदर्भातला अनुभवही धीर देणारा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमातून गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. अठरा महिन्यांत उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि आत्महत्येचे विचार मनात येणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले.

घरातलं कुणी जेवणावरून उठू लागलं, झोपेनासं झालं, ‘माझ्यावाचून तुमचं काय अडतंय’ असं बोलू लागलं, तर ‘काहीतरीच काय’ म्हणून विषय बदलू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळं होतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर असा प्रयत्न केलेल्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहिलं जातं. तेव्हा पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नये. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही उचलला जातो, आणि मराठीत बोलता येतं, तमिळमध्येही.