फाइल लहान झाली, नुकता कुठे गेला?

6 जून 2025 रोजी केंद्र सरकारने उम्मीद पोर्टल सुरू केले आणि नोंदणी असलेल्या वक्फ मिळकतींचा तपशील चढवायला सहा महिन्यांची मुदत दिली. राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय आपल्याच शहरात, पाणचक्कीला. मराठवाड्यातल्या कितीतरी मस्जिदी, दर्गाह आणि कब्रस्तानांचे कागद निजामकाळातले, उर्दूतले. मुतवल्ली वयस्कर असले की मोबाइल घरातल्या कॉलेजच्या मुलाकडे जातो. मुंतखबाचा फोटो, त्याची पीडीएफ, साइज मोठी दिसली की कॉम्प्रेस. एक बोट लावले, काम झाले.

पण या एका बोटात काय गेले, हे अ‍ॅप सांगत नाही. बऱ्याच अ‍ॅपमध्ये लो, मीडियम, हाय असे पर्याय असतात. हाय म्हणजे दर्जा जास्त की दाब जास्त? कुठे हा अर्थ, कुठे तो. माझ्या मते सेव्ह करण्याआधी पान मोठे करून दाखवते तेच अ‍ॅप सोपे. बाकीची नुसती झटपट.

झिप काहीच टाकून देत नाही, उघडली की मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. मात्र फोटो जेपेगमध्ये आधीच दाबलेला असतो, म्हणून झिपने तो फारसा लहान होत नाही. जेपेग आणखी दाबला की आधी बारीक तपशील जातो, आणि उर्दूत बारीक तपशील म्हणजे नुकता. ‘नबी’ आणि ‘बनी’ लिहून पाहा: रेघा त्याच, फरक फक्त पहिल्या दोन नुकत्यांच्या वर-खाली असण्याचा. जीम, हे, खे यांचेही तेच. वाकिफचे नाव असे बदलले तर?

आकडेही सुरक्षित नाहीत. ज्या कंपनीच्या नावाने आपण प्रत काढतो, त्या झेरॉक्सच्या काही यंत्रांत 2013 साली जर्मनीच्या डेव्हिड क्रीझेल यांना विचित्र दोष सापडला. घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर होती. स्कॅनमध्ये तिन्हीकडे 14.13 आले. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच धरत होते. अक्षर मात्र स्वच्छ, त्यामुळे संशयही येत नव्हता. सर्व्हे नंबरचे असे झाले तर काय, ते सांगायला नको.

म्हणून दाबण्याआधी छाटा. खालची चादर, टेबलाची कड फोटोतून काढली तरी साइज उतरते. रंगाची गरज नसेल तर ग्रे स्कॅन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर कागद फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो तिथे पुन्हा दाबला जातो. अनोळखी फुकट वेबसाइटवर मिळकतीचे कागद चढवू नका, मोबाइलमध्येच चालणारे अ‍ॅप घ्या. मग नाव, सर्व्हे नंबर आणि मोहर बोटांनी मोठी करून मूळ कागदाशी ताडा. उर्दू वाचणारे कुणी घरात असेल तर त्यांनाच बसवा.

पहिला, न दाबलेला स्कॅन पेनड्राइव्हवर वेगळा ठेवा. अर्ज परत आला तर तो कागद पुन्हा उलगडावा लागणार नाही. असे कागद घडीवरच फाटतात.