परदेशातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची निवड : धाराशिव जिल्ह्यातील पदवीधरांच्या संदर्भात

प्रस्तावना :

परदेशात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणारा विद्यार्थी बहुधा प्रथम जागतिक क्रमवारी पाहतो, त्यातील नावाजलेली विद्यापीठे निवडतो आणि मग प्रवेशाच्या अटी वाचू लागतो. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट केलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात, घरातील पहिल्याच पदवीधराला हा उलटा क्रम महागात पडतो. आपली पदवी कोठे ग्राह्य धरली जाते, खर्च कोण करणार आणि परतल्यावर त्या पदवीला येथे काय मान्यता मिळणार, या तीन प्रश्नांची उत्तरे अगोदर मिळाल्यास यादी आपोआप आखूड होते. तशी यादी करून देणे हे प्राध्यापकाचे काम आहे. कारण जिल्ह्याच्या ठिकाणी या विषयाचा जाणकार सल्लागार सहसा तोच असतो.

पदवीचा कालावधी :

आपल्याकडील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची पदवी परंपरेने तीन वर्षांची आहे. ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठे ती स्वीकारतात. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे मात्र सोळा वर्षांचे एकूण शिक्षण मागतात. काही अपवाद आहेत, पण ते विभागागणिक तपासावे लागतात. जर्मनीत पूर्वपदवीत कोणत्या विषयाचे किती श्रेयांक पूर्ण केले, हे बारकाईने पाहिले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता चौथ्या वर्षाचा पर्याय खुला झाला आहे. ज्याचे लक्ष अमेरिकेकडे आहे, त्याने तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडावे की चौथे वर्ष पूर्ण करावे, हा निर्णय अर्ज भरताना नव्हे, तर दुसऱ्या वर्षातच व्हावयास हवा. कृषी व अभियांत्रिकीच्या पदव्या चार वर्षांच्या असल्याने त्या विद्यार्थ्यांपुढे ही अडचण नसते.

शिष्यवृत्ती आणि क्रमवारी :

जर्मनीतील बहुतांश शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरे. परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रतिसत्र १५०० युरो घेते, आणि निर्वाहाची वर्षभराची रक्कम व्हिसापूर्वीच गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला ‘मोफत शिक्षण’ एवढेच सांगणे म्हणून अपुरे ठरते.

साहजिकच शिष्यवृत्ती निर्णायक ठरते, आणि येथेच क्रमवारी मागच्या दाराने परत येते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. दोन्ही योजनांत क्यूएस क्रमवारीतील स्थानाला महत्त्व आहे. शिवाय केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय योजनेबाहेर ठेवले. समाजशास्त्र वा इतिहासाच्या पदवीधराने विद्यापीठ निवडण्यापूर्वी ही अट वाचलेली बरी.

एकूण क्रमवारी अभ्यासक्रमाच्या गुणवत्तेचे माप नव्हे, हे दोन उदाहरणांवरून दिसते. नेदरलँड्समधील वाखेनिंगन विद्यापीठ कृषिविषयक क्रमवारीत अनेक वर्षे पहिले राहिले, पण क्यूएसच्या एकूण क्रमवारीत पहिल्या शंभरात नाही. त्याच देशातील डेल्फ्टची आयएचई ही संस्था केवळ जलविषयक शिक्षण देते. अवर्षणप्रवण धाराशिवच्या विद्यार्थ्याला तिचा अभ्यासक्रम किती जवळचा! मात्र ती बहुशाखीय विद्यापीठ नसल्याने एकूण क्रमवारीत तिचा विचारच होत नाही. अशा वेळी शिष्यवृत्तीच्या अटीत बसणारे दोन-तीन आणि विषयाच्या दृष्टीने योग्य असे दोन, असे एकूण चार-पाच अर्ज पुरेत. चेव्हनिंग शिष्यवृत्तीतही ब्रिटनमधील तीनच अभ्यासक्रम नोंदवता येतात. तिला दोन वर्षांचा कार्यानुभव लागतो, म्हणून ती नुकत्याच पदवीधर झालेल्यासाठी नाही.

अभ्यासक्रमाचा आणि शिष्यवृत्तीचा कालावधी जुळणेही तितकेच महत्त्वाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम. ए. झाले व १९१६ मध्ये लंडनला पोहोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना तेथील अभ्यास अर्धवट ठेवून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, एम. एस्सी. १९२१ मध्ये आणि डी. एस्सी. १९२३ मध्ये झाली. कोलंबियातील सेलिग्मन आणि लंडनमधील कॅनन या त्यांच्या अध्यापकांनी पुढे त्यांच्या ग्रंथांना प्रस्तावना लिहिल्या. विभागात कोण शिकवतो हे पाहण्याचे मोल यातून कळते. क्रमवारीच्या तक्त्यात ते दिसत नाही.

परतल्यानंतरची मान्यता :

अध्यापनाकडे वळू इच्छिणाऱ्यास ब्रिटनची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी येथे चालेल का, ही शंका दीर्घकाळ होती. जुलै २०२२ मध्ये भारत व ब्रिटन यांच्यात पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समकक्षतेचे नवे विनियम अधिसूचित केले. त्यांनुसार फ्रँचायझी पद्धतीने दिलेल्या पदव्यांना मान्यता नाही. मध्यस्थ संस्था सुचवतात त्या ‘सोप्या’ प्रवेशांपैकी काही याच प्रकारचे असू शकतात.

महाविद्यालयाच्या पातळीवर :

गुणपत्रकांचे प्रमाणित उतारे विद्यापीठाच्या मुख्य परिसरातून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून आणावे लागतात. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यातच जुन्या कागदांवर उस्मानाबाद व औरंगाबाद, नव्या कागदांवर धाराशिव व छत्रपती संभाजीनगर अशी नावे येतात. प्राचार्यांच्या सहीचे इंग्रजी स्पष्टीकरणपत्र सोबत जोडल्यास परदेशी प्रवेश कार्यालयाचा संभ्रम टळतो. अभ्यासक्रमाचा घटकवार इंग्रजी तपशीलही विभागात तयार असावा. जर्मन विद्यापीठांसाठी तो जवळजवळ अपरिहार्य आहे. शिफारसपत्रात ‘हुशार व होतकरू’ या नेहमीच्या विशेषणांऐवजी विद्यार्थ्याने केलेल्या एखाद्या प्रकल्पाचे चार ओळींत वर्णन असावे. ते लिहिण्यासाठी अध्यापकाला तो प्रकल्प आठवावा लागेल, म्हणून त्याची नोंद त्याच वर्षी करून ठेवावी.