गल्ला आणि नफा

माझ्या अब्बांचं गावात लहानसं किराणा दुकान होतं. दिवाळीच्या आठवड्यात गल्ला भरलेला पाहून मी खूश व्हायचो. अब्बा म्हणायचे, ‘बेटा, घाऊकवाल्याचं देणं फिटल्यावर बघू, यातलं आपलं किती ते.’ गाजलेल्या पुस्तकावरच्या सिनेमाने अमुक कोटी कमावले, अशी बातमी वाचली की मला अब्बा आठवतात.

मित्रहो, ते कोटी म्हणजे तिकीटखिडकीवरचा गल्ला. त्यातून कर जातो, थिएटरवाल्याचा वाटा जातो. मग वितरकाचं कमिशन, जाहिराती, निर्मितीचा खर्च आणि त्यावरचं व्याज. एवढं जाऊन उरला, तर निव्वळ नफा.

अमेरिकन लेखक विन्स्टन ग्रूम यांची ‘फॉरेस्ट गम्प’ ही कादंबरी १९८६ची. तिच्यावरचा सिनेमा १९९४ साली आला आणि जगभरात त्याने ६५ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. ग्रूम यांचा करार साडेतीन लाख डॉलर रोख आणि निव्वळ नफ्यात ३ टक्के, असा होता. रोख रक्कम मिळाली, टक्के मिळेनात. कारण स्टुडिओच्या हिशेबात सिनेमा तोट्यात होता! नट टॉम हँक्स आणि दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी मात्र गल्ल्यातला वाटा ठरवला होता. त्यांना कोट्यवधी डॉलर मिळाले आणि तो आकडा खर्चात धरला गेला. अखेर ग्रूम यांनी वकील केला, तेव्हा तडजोड झाली.

सिनेमामुळे त्यांचं पुस्तक मात्र लाखोंनी खपलं. पुस्तकाची रॉयल्टी विकलेल्या प्रतींवर मिळते. तिला सिनेमाच्या खर्चाची कात्री लागत नाही.

मलाही एकदा एका निर्मात्याने कवितेसाठी ‘निव्वळ नफ्यात भागीदारी’ देऊ केली. शब्द भारदस्त वाटला, मी सही केली. सिनेमा बरा चालला. मला आलं ते फक्त प्रीमियरचं निमंत्रण. हिशेब पाहण्याचा हक्क मी करारात लिहूनच घेतला नव्हता. विचारणार कशाच्या जोरावर?

म्हणून लिहिणाऱ्या तरुणांना माझं सांगणं एवढंच: रोख रक्कम आधी घ्या. टक्के घ्यायचे तर गल्ल्यातले मागा. तेही जमलं नाही, तर काय काय वजा होणार, त्याची यादी करारात लिहून घ्या आणि वही पाहण्याचा हक्क सोडू नका. किराणा दुकानदाराला जे कळतं, ते कवीलाही कळायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)